आजच्या दिवसापुरते साहेब

"साहेब नाहीत. तारीख घ्या आणि जावा," कुरणेभाऊ मान वर न करता म्हणाले.

"नाहीत म्हणजे? कुठं गेलेत?"

"बाईसाहेबांची बदली झाली. लांब, मराठवाड्यात. नवीन साहेब अजून नेमलेले नाहीत."

"मग त्यांच्या जागी कुणीतरी असेलच की! का कोर्टाला कुलूप घालून गेल्या?"

आता मात्र त्यांनी मान वर केली. कुरणेभाऊ म्हणजे आमच्या तालुका कोर्टातले बेंच क्लार्क. साहेबांच्या पुढ्यात खाली बसून एकेक प्रकरण वर सरकवणारे. साहेब नसले की तेच साहेब.

"आहेत की. शेजारच्या तालुक्याच्या साहेबांकडं चार्ज आहे. येतात आठवड्यातनं एकदा. पण ते फक्त तातडीचं बघतात. जामीन, कोठडी, कुणाचं घर पाडायला निघालेत ते थांबवायचं. तुमचं काय? घटस्फोट. तोही राजीखुशीचा. त्याला कसली आलीय तातडी?"

झालं! माझ्या टाळूला आग लागली. आधीच मी तोंडाची फटकळ, त्यात एप्रिलचं ऊन, त्यात सकाळपासून उपाशी.

"तुम्हाला नसेल तातडी, मला आहे! पाणी भरायला गेले तरी बायका विचारतात, झालं का गं, सुटलीस का? ना मी सासरची, ना माहेरची. किती दिवस असं लोंबकळत ठेवणार? शाळेत एक मास्तर रजेवर गेला तर दुसरा येऊन वर्ग सांभाळतो. एवढ्या मोठ्या सरकारला एक साहेब मिळत नाही होय? कुणालाही आणा, पण माझा एकदाचा निकाल लावा!"

व्हरांड्यातली सगळी माणसं वळून बघायला लागली. आमचे पोतनीस वकील माझ्याजवळ येऊन "कुमुदताई, हळू, हळू," म्हणत राहिले. आणि पलीकडं खांबाला टेकून तो माणूस उभा होता, ज्याच्यापासून मला सुटायचं होतं. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग खाली बघितलं. एक शब्द म्हणून बोलला नाही.

हेच तर होतं ना त्यांचं!

बारा-पंधरा वर्षं होऊन गेली या गोष्टीला. तेव्हा मी त्यांना 'हे' म्हणायची. आता तो हक्क राहिला नाही, म्हणून नावानं सांगते. भास्करराव. वीज मंडळात वायरमन. निर्व्यसनी, कष्टाळू, हात कधी उगारला नाही. लोक म्हणायचे, असल्या नवऱ्याला सोडतेस म्हणजे तुझंच कुठंतरी बिनसलंय. बिनसलं होतं ते असं.

लग्नानंतर मी त्यांच्या गावात राहत होते. तिथं नवी अंगणवाडी मंजूर झाली. मी बारावी झालेली. गावात माझ्याइतकी शिकलेली सून दुसरी नव्हती. अर्ज केला, माझं नाव नक्की झालं. मी आनंदानं भिंतीवर लावायला फळं-फुलांची चित्रंसुद्धा काढून ठेवली. आणि एक दिवस नळावर सरपंचांची बायको मला म्हणते, "बरं केलंस गं कुमुद, जावेला जागा सोडलीस ते. पुण्य लागेल."

मी घरी आले. विचारलं, तर हे म्हणाले, "हो. मीच सांगितलं सरपंचांना. दादा गेल्यापासून वहिनीला आधार नाही. पदरात दोन पोरं आहेत."

"मग मला विचारायला तुमच्या जिभेला काय झालं होतं? मी काय राक्षसीण आहे? विचारलं असतं तर मी आपणहून दिली असती ती जागा!"

त्यावर काय म्हणाले, तर म्हणे, "तू नाही म्हणाली असतीस तर?"

आता बोला! समोरचं माणूस नाही म्हणेल या भीतीनं विचारायचंच नाही. सगळं आयुष्य असंच. घराला रंग कुठला द्यायचा, विचारलं नाही. माझ्या आईला दवाखान्यात नेलं ते चांगलंच केलं, पण मला कळलं परत आणल्यावर. चांगलं करायचं तेही मुकाट्यानं आणि वाईट करायचं तेही मुकाट्यानं. मी पिशवी भरली आणि तालुक्याला भावाकडं निघून आले. रागात आलेलं माणूस न्यायला येणाऱ्याची वाट बघत असतं, हे का सांगायला लागतं? पण न्यायला येणं म्हणजे 'येतेस का' असं विचारणं आलं. ते काही आले नाहीत.

भावाच्या पुढच्या खोलीत मशीन टाकलं, ब्लाऊज शिवायला लागले. दिवस गेले, वर्षं गेली. शेवटी भाऊच म्हणाला, "असं किती दिवस? एक घाव दोन तुकडे करून टाक." पोतनीस वकिलांनी दोघांचा मिळून अर्ज तयार केला. भास्कररावांनी सही केली. तीही न बोलता.

बदली होऊन गेल्या त्या बाईसाहेब मोठ्या खमक्या होत्या. पहिल्याच दिवशी चष्म्यावरून माझ्याकडं बघून म्हणाल्या, "मारतो का?"

"नाही."

"पितो?"

"नाही."

"बाहेर कुठं काही?"

"छे छे!"

"मग करतो तरी काय?"

"विचारत नाहीत," मी म्हणाले.

सगळं कोर्ट हसलं. बाईसाहेब नाही हसल्या. म्हणाल्या, "कायद्यानं सहा महिने थांबावं लागतं. सहा महिन्यांनी या. त्या दिवशी मी तुम्हा दोघांना आत चेंबरमध्ये समोरासमोर बसवून विचारणार आहे. मला घाई नसते."

सहा महिन्यांनी आम्ही गेलो, तर बाईसाहेबच नाहीत. त्या दिवशी मी कुरणेभाऊंवर तोफ डागली ती अशी.

कोर्टाची रीत अशी की साहेब असोत-नसोत, तारखेला पक्षकारानं हजर राहायचं. पट्टेवाला नाव पुकारणार, आपण 'आहे' म्हणायचं, कुरणेभाऊ पुढची तारीख सांगणार. पाच मिनिटांचं काम. पण भास्कररावांच्या गावाला परतायची एसटी थेट दुपारी. तोवर ते आवारातल्या चिंचेखाली दगडी बाकावर बसायचे. माझं घर तर हाकेच्या अंतरावर. मी कशाला थांबत होते? "वकिलांना भेटायचंय," असं सांगायची सगळ्यांना. वकील समोरून चहाला जायचे, तरी मी आपली बसलेली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला, तोंड फिरवून.

कुरणेभाऊ येता-जाता चिडवायचे. "ताई, तारीख तर सकाळीच मिळाली. आता कसली वाट बघताय?"

"नवीन साहेबाची," मी म्हणायची.

असाच मे महिन्यातला एक दिवस. व्हरांड्यातला पंखा बंद पडलेला, माणसं वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घेताहेत. कुरणेभाऊ घाम पुसत बाहेर आले. "भास्करराव, तुमच्या खात्यातलंच काम आहे. जरा बघता का? आमचा अर्ज वर जाऊन तिकडनं माणूस यायचा म्हणजे हा उन्हाळा संपेल, पुढचा येईल."

भास्करराव उठले. टेबल ओढलं, त्यावर स्टूल ठेवलं आणि चढले. स्टुलाचा एक पाय आखूड. लागलं डुगडुगायला. मी बघत होते. दोन मिनिटं बघितलं. मग राहवलं नाही. उठले आणि जाऊन स्टूल धरलं. घरी बल्ब बदलायचा असला तरी स्टूल मीच धरायची.

वरून आवाज आला, "पक्कड."

मी पक्कड दिली.

"चिकटपट्टी."

मी दातानं तोडून तुकडा दिला. किती लांबीचा लागतो ते हाताला ठाऊक होतं. पंखा फिरायला लागला. खाली उतरताना त्यांनी सवयीनं माझ्या खांद्यावर हात टेकला, आणि मग चटका बसल्यासारखा काढून घेतला.

"वा रे वा!" कुरणेभाऊ म्हणाले. "एवढ्या वर्षांत असला घटस्फोट काही आम्ही बघितला नव्हता."

मी लटकंच रागावले. पण पुढच्या तारखेला भाकरी थापताना दोन जास्त थापल्या. वहिनीनं, म्हणजे माझ्या भावजयीनं, विचारलं, "वन्सं, आज एवढी भूक?" मी म्हटलं, कोर्टात भूक लागते बाई.

बाकावर बसल्यावर मी समोर बघत विचारलं, "जेवलात का?"

"हो."

"काय?"

"वडापाव."

"त्याला जेवण म्हणतात होय?" डबा मधे सरकवला. त्यांनी गुपचूप खाल्लं. शेवटी बोटं चाटली. त्या माणसाच्या मानानं ते भाषणच होतं.

मग ते अंगवळणीच पडून गेलं. तारीख म्हणजे डबा. पावसाळ्यात चिंचेखालून व्हरांड्यात आलो. गणपती झाले, दसरा झाला. शेजारच्या तालुक्याचे साहेब यायचे, तातडीचं बघायचे, जायचे. आमचं नाव पुकारलं की कुरणेभाऊ म्हणायचे, "साहेब नाहीत," आणि मला मनातून बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू? कोर्टात यायच्या दिवशी मी वेणीत फूल घालायला लागले होते. देवाला म्हणायची, बाबा, आमच्या तालुक्याला साहेब देऊ नकोस. बाकीच्या लोकांचे शिव्याशाप लागले असतील मला!

ते हळूहळू बोलायला लागले. घराची गळती काढली म्हणाले. जाऊबाईंचं अंगणवाडीत छान बस्तान बसलंय. त्या म्हणतात, ही जागा कुमुदची. चित्रंही तिचीच लावलीत भिंतीवर.

मी म्हटलं, "लावली का? चिकू जरा बिघडला होता."

त्यांनी एक घास तोंडात घातला. मग म्हणाले, "तुला विचारायला हवं होतं त्या वेळी."

मी घास गिळायचा विसरले. किती वर्षं वाट बघितली होती मी या एका वाक्याची! आणि ते आलं कधी, तर भरल्या तोंडानं, घटस्फोटाच्या तारखेला. मला हसूही येईना आणि रडूही येईना. मी आपलं, "लोणचं घ्या," म्हणाले.

दिवाळीनंतरची तारीख होती ती. एसटीची वेळ झाली, ते उठले, दोन पावलं गेले आणि परत आले.

"पुढच्या तारखेला नक्की ये. तुला एक विचारायचंय."

"आत्ता विचारा की."

"नाही. एक काम उरलंय. ते आधी करून येतो."

"कसलं काम?"

"आहे एक," म्हणाले आणि गेले. सांगतील तर शपथ!

पण काय विचारायचंय ते न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नव्हते. पुढच्या तारखेला मी पहाटे उठून शेंगोळी केली. कुळथाची, लसूण ठेचून घातलेली. त्यांना फार आवडायची. आणि एका पिशवीत दोन साड्या, तेलाची बाटली, कंगवा असं भरून घेतलं. वहिनीनं पिशवीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. काही विचारलं नाही, फक्त कुंकवाचा करंडा आणून पिशवीत ठेवला. म्हणाली, "संध्याकाळी तुमचा भात टाकू नको ना?"

"बघू गं," मी म्हटलं. पाय जमिनीवर नव्हते माझे.

कोर्टाच्या आवारात शिरले तर ही गर्दी! पांढरी गाडी उभी, पट्टेवाल्याच्या छातीवर बिल्ला चकचकीत, सगळे वकील काळे कोट झटकून तयार. मला बघितल्यावर कुरणेभाऊ लगबगीनं आले. चेहरा नुसता फुललेला.

"ताई, नशीब फळफळलं तुमचं! जिल्ह्याहून साहेब नेमून आलेत. आजच्या दिवसापुरते. साठलेली प्रकरणं काढणार. आणि तुमचं नाव यादीत सगळ्यात वर आहे. भास्कररावांचा अर्ज मंजूर झाला!"

"कुठला अर्ज?"

"अहो, जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांकडं केलेला. आमचं प्रकरण अडकलंय, बदली न्यायाधीश नेमून निकाल लावावा म्हणून. वकील मंडळींचेही अर्ज होते, पण पक्षकाराचा असा तो एकच. त्याची दखल घेतली त्यांनी. आज सुटताय तुम्ही!"

ते घाईत निघून गेले. मी तिथंच उभी. एका हातात पिशवी, एका हातात डबा.

'एक काम उरलंय. ते आधी करून येतो.' हे ते काम! मी इकडं शेंगोळी वळत होते, आणि हा माणूस जिल्ह्याला जाऊन सोडचिठ्ठी लवकर द्या म्हणून अर्ज करत होता. डबे खाऊन! विचारायचंय म्हणाले ते काय, कपडे-भांडी कधी नेतेस, हेच असणार. अंगणवाडीच्या वेळचा तो नळ, ती सरपंचांची बायको, सगळं डोळ्यांपुढं आलं. या खेपेलाही मला दुसऱ्याच्याच तोंडून कळत होतं.

तेवढ्यात फाटकातून ते धावतपळत आले. एसटी उशिरा आली असावी. गाडीकडं बघितलं, गर्दीकडं बघितलं आणि तोंडाचं पाणीच पळालं त्यांच्या. सरळ माझ्याकडं आले.

"कुमुद, आत जायच्या आधी ऐक—"

"तुम्ही साहेब मिळावा म्हणून अर्ज केला होता?"

"केला होता, पण—"

"हो की नाही, तेवढं सांगा."

"हो. पण तो मी—"

"मला न विचारता. परत!"

ते बघत राहिले. ओठ हलले, पण नेहमीप्रमाणं आवाज काही बाहेर आला नाही. आणि पट्टेवाल्यानं नावं पुकारली.

साहेब वयस्क होते, स्वभावानं सौम्य वाटले. त्यांच्या दोन्ही बाजूंना प्रकरणांचा ढीग. बाईसाहेबांनी आम्हाला काय कबूल केलं होतं, ते यांना कसं ठाऊक असणार? चेंबर नाही, समोरासमोर बसणं नाही. "आजचा एकच दिवस आहे माझ्याकडं," ते पोतनीस वकिलांना म्हणाले, "तेव्हा भराभर घेऊ. आधी बाईंना विचारतो. बाई, विचार बदललाय का?"

साहेबांनी आधी भास्कररावांना विचारलं असतं तर? हा प्रश्न मी नंतर हजारदा घोळवलाय. पण रीत अशी की आधी बाईला विचारायचं. ती रीत आमच्या भल्यासाठीच आहे म्हणतात.

"नाही," मी म्हणाले. चांगलं ठणकावून, मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल असं. "मला मोकळं व्हायचंय."

"कुणाचा दबाव?"

"कुणाचाही नाही."

"बरं. तुमचं काय? तुम्हाला काही सांगायचंय?"

भास्कररावांनी कठड्यावर दोन्ही हात ठेवले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मुद्दाम वर बघत राहिले. साहेबांनी घड्याळाकडं बघितलं. "बोला."

"तिला हवं तसं."

"तसं नाही चालत. तुमची संमती आहे का? हो किंवा नाही."

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मला तर फार वाटला.

"हो," ते म्हणाले.

साहेबांनी सही केली. कुरणेभाऊंनी पुढचं प्रकरण वर सरकवलं. माझं लग्न लागायला अख्खी दुपार लागली होती. मोडायला तेवढाही वेळ लागला नाही.

बाहेर आले, डबा कुरणेभाऊंच्या टेबलावर ठेवला. "खावा," म्हटलं. त्यांनी झाकण उघडलं. "अरे वा, शेंगोळी! ताई, आज खरं तर पेढे पाहिजेत." मी हसले सुद्धा. फाटकातून जाताना मागं बघितलं नाही, पण चिंचेखालच्या बाकावर कोण बसलंय ते बघायला मागं वळावं लागत नव्हतं. एसटी दुपारचीच होती.

घरी वहिनीनं दार उघडलं. पिशवी बघितली. हातातून काढून घेतली आणि आत जाऊन तांदूळ धुवायला लागली.

पुढं त्यांनी दुसरं लग्न केलं. मुलगी झाली, असं कानावर आलं. चांगलं झालं, मी म्हणाले. म्हणायचं असतं. मी बाजारपेठेत गाळा घेतला. कुमुद लेडीज टेलर्स. तालुक्यातली निम्मी लग्नं माझ्या ब्लाऊजवर पार पडतात. पुन्हा लग्न करावंसं वाटलं नाही. जो माणूस डबे खाऊन पाठीमागं असं करू शकतो, त्याच्यानंतर कुणावर विश्वास ठेवायचा? असं मी सगळ्यांना सांगायची. स्वतःलाही.

आता परवाची गोष्ट. परवा म्हणजे याच लग्नसराईत. कुरणेभाऊ दुकानात आले. निवृत्त झालेत, काठी घेऊन चालतात, पण जीभ तशीच तरतरीत. नातीच्या लग्नासाठी बायकोचा ब्लाऊज टाकायचा होता. मापाचा जुना ब्लाऊज घेऊन आले होते. मी माप लिहून घेत होते, ते स्टुलावर बसून कुरकुर करत होते.

"नातीचा दाखला अजून मिळेना बघा. अर्ज कधीचा केलाय! सरकारी कामाला काही धरबंध राहिलाय का?"

"तुम्हीच बोलताय होय हे!" मी म्हटलं. "तुम्ही काय कमी तारखा दिल्यात आम्हाला?"

ते खो खो हसले. "खरंय, खरंय. आता तुमच्या भास्कररावांचाच अर्ज घ्या की. भर उन्हाळ्यात केलेला, त्यावर हुकूम निघाला दिवाळीनंतर."

माझी पेन्सिल थांबली. "उन्हाळ्यात?"

"मग! तुम्ही पहिल्या दिवशी माझी हजेरी घेतली होतीत ना, कुणालाही आणा पण निकाल लावा म्हणून? त्याच दुपारी आले माझ्याकडं. म्हणाले, 'तिचे फार हाल होतात हो. दुसरा साहेब मिळत असेल तर कुणाला सांगावं लागतं?' मीच मजकूर सांगितला त्यांना. एसटी सोडली, दुसऱ्या गाडीनं तसेच जिल्ह्याला गेले."

"त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी."

पंख्याच्या आधी. डब्याच्या आधी.

"कुरणेभाऊ, मग त्या दिवशी मला हे सांगितलं का नाही तुम्ही?"

"काय सांगायचं त्यात?" त्यांना खरंच नवल वाटलं. "अर्ज मंजूर झाला म्हणजे तो कधीतरी मागंच केलेला असणार. आजचा अर्ज आज मंजूर होतो होय कुठं?"

बरोबरच आहे. सगळी हयात कोर्टात गेलेल्या माणसाला त्यात सांगण्यासारखं काय वाटणार? मी पडले शिंपीण. आज दिलेलं काम चार दिवसांत हातात देणारी. मला वाटलं, अर्जही तसाच असतो.

माझा चेहरा बघून कुरणेभाऊ जरा चपापले. काठी या हातातून त्या हातात घेतली. "पण नंतर तो अर्ज मागं घ्यायला गेले होते की ते. ते तरी ठाऊक असेल तुम्हाला."

"कोण मागं घ्यायला गेले होते?"

"म्हणजे नाही ठाऊक?" ते माझ्याकडं बघत राहिले. "मलाही मागाहूनच कळलं, निकालानंतर. जिल्ह्याच्या कचेरीत आमचा एक दोस्त होता, तो सांगत होता. मी म्हटलं, नवरा-बायकोत झालंच असेल बोलणं. आणि तुम्ही तर साहेबांपुढं चांगलं ठणकावून सांगितलंत. झालं-गेलं कशाला उकरायचं, म्हणून मी..."

"काय सांगत होता दोस्त?"

"हेच की, तुमच्या त्या शेवटच्या तारखेच्या आधी भास्करराव तिथं आले. म्हणाले, माझा अर्ज मला परत द्या, आम्हाला साहेब नको. हा म्हणाला, आता कसा देऊ? हुकूम निघाला, साहेब नेमले. तुम्हाला जे सांगायचंय ते आता त्या साहेबांपुढं सांगा. तर हलेनात. उभेच. मग यानं विचारलं, अहो, पण अर्ज मागं घ्यायचं कारण काय?"

"मग?"

"तर म्हणाले, 'बायको घरी यायचीय.' हा हसला. म्हणाला, असं होय! मग बाई तयार आहेत का यायला?"

मापाचा ब्लाऊज माझ्या हातात होता.

"त्यावर म्हणाले, 'अजून विचारलं नाही.'"